पर्सेंटाइल म्हणजे किती मार्क?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी "पायऱ्या दाखवा" म्हणायचे, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी सोसलेलं आहे. म्हणून आज मी पायऱ्यांबद्दलच बोलणार आहे. उत्तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे: एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा मुलांच्या मोबाइलवर उमटणारा पर्सेंटाइल. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यातली बरीच वर्षं मॅनेजमेंटच्या मुलांना. ती मुलं याच आकड्याच्या जोरावर आत आलेली असायची, आणि पहिल्या तासाला "हा काढतात कसा?" असं विचारलं की वर्ग चिडीचूप व्हायचा.

सीईटीचा निकाल लागल्यावर एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा मात्र पडलेला. म्हणाले, "मुलीला शहाण्णव टक्के पडले, पण क्लासवाले म्हणतात जमनालाल बजाजचं नाव काढू नका. तिथे वशिला लागतो का हो?" मी निकालाचा कागद पाहिला. त्यावर शहाण्णव टक्के कुठेच नव्हते. ९६ पर्सेंटाइल होता. सोडवलेले प्रश्न आठवून मुलीने गुणांचा अंदाज बांधला होता, तो २०० पैकी निम्म्याच्या जरा वर जात होता. एमबीएच्या सीईटीला अलीकडे लाखाच्या वर मुलं बसतात. लाखात ९६ पर्सेंटाइल म्हणजे पुढे चार हजार जण. चर्चगेटच्या त्या संस्थेत एमएमएसच्या जागा १२०. इथे वशिल्याचा प्रश्नच येत नाही, वजाबाकीचा येतो.

त्या गृहस्थांना हसू नका. आपण सगळे टक्क्यांवर वाढलेली माणसं आहोत. दहावीला किती पडले, यावर मामा-मावशांनी आपली किंमत ठरवलेली असते. टक्का सांगतो की विचारलेल्यापैकी तुम्हाला किती आलं. पर्सेंटाइल त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. तुमच्या मागे शेकडा किती जण राहिले, एवढंच तो सांगतो. आषाढीच्या दर्शनबारीत तुम्ही कितवे उभे आहात यावरून विठ्ठलाला तुमची भक्ती मोजता यायची नाही. तुमच्या पुढे किती लोक आहेत आणि पायाला हात लागायला किती वेळ आहे, एवढं मात्र चोख कळतं. पर्सेंटाइलकडून याहून जास्त मागितलं की घोटाळा सुरू होतो.

महाराष्ट्राचं आणि या आकड्याचं नातं तसं जुनं आणि भांडणाचं आहे. २००८ साली अकरावीच्या प्रवेशात एसएससी, आयसीएसई आणि सीबीएसई बोर्डांच्या मुलांना एका मापाने मोजायचं म्हणून सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं. पालक कोर्टात गेले आणि ते सूत्र टिकलं नाही. पुढच्या वर्षी एसएससीच्या मुलांना ९० टक्के जागा देणारा ९०:१० चा कोटा आला, तोही उच्च न्यायालयात पडला. मग आलं बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरायचे. त्या दोन-तीन वर्षांत मुंबईच्या लोकलमध्ये संख्याशास्त्रावर जेवढी चर्चा झाली तेवढी विद्यापीठाच्या विभागातही झाली नसेल. भांडणाचं मूळ एकच होतं. वेगवेगळ्या परीक्षांचे गुण शेजारी-शेजारी ठेवता येत नाहीत हे सगळ्यांना पटतं. मग ठेवायचे कसे, यावर एकमत होत नाही.

आता कॅटकडे येऊ. आयआयएमच्या या परीक्षेचा निकाल आला की वर्तमानपत्रांत बातमी ठरलेली असते: इतक्या जणांना १०० पर्सेंटाइल. २०२१ साली ९ जणांना, २०२२ साली ११, २०२३ साली १४, २०२४ साली पुन्हा १४. आकडा वाढला की "यंदा मुलं हुशार" किंवा "यंदा पेपर सोपा" अशी चर्चा झडते. सरांची सवय लावून घेऊन पायऱ्या मांडू या. एकूण उमेदवारांतून तुमचा क्रमांक वजा करायचा, एकूण संख्येने भागायचं, शंभराने गुणायचं आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करायचं. म्हणजे पहिल्या आलेल्या मुलालाही खरे शंभर कधीच पडत नाहीत, कारण तो स्वतःच स्वतःच्या मागे नसतो. ज्यांचा पर्सेंटाइल ९९.९९५ किंवा त्याहून वर येतो, त्यांच्यापुढे पूर्णांकनाने १०० लिहिला जातो. म्हणजेच वरचे दर लाखात पाच.

२०२१ साली परीक्षेला बसले सुमारे १ लाख ९२ हजार. त्यांचे लाखात पाच या हिशेबाने ९.६, म्हणजे ९ जण. २०२२ साली २ लाख २२ हजार, ११.१, म्हणजे ११. २०२३ साली २ लाख ८८ हजार, १४.४, म्हणजे १४. २०२४ साली २ लाख ९३ हजार, पुन्हा १४. वरच्या जागी गुणांची बरोबरी झाली तरच यात एखाद्याचा फरक पडावा. बाकी पेपर अवघड असो की सोपा, शंभरवाले किती निघणार हे परीक्षा संपल्याच्या संध्याकाळी, हजेरीचा आकडा कळला की, कोणीही कागदावर काढू शकतो. गुणवत्तेची म्हणून जी बातमी आपण दरवर्षी कौतुकाने वाचतो, ती हजेरीपटाची बातमी असते.

याच कॅटमध्ये ९९ पर्सेंटाइलवाल्या मुलाचे गुण किती असतात? एकूण गुणांच्या साधारण निम्मे. २०२४ च्या पेपरात ६८ प्रश्न होते, बरोबर उत्तराला ३, पर्याय असलेल्या प्रश्नात चुकलं तर १ वजा, एकूण २०४ गुण. त्यात शंभराच्या आसपास गुण मिळवणारा मुलगा देशातल्या पहिल्या तीन हजारांत असतो. बारावीत निम्मे गुण घेऊन घरी गेला असता तर बापाने काय केलं असतं, याची कल्पना तुम्हाला आहे. पेपर काढणाऱ्यांनी तो जाणूनबुजून असा काढलेला असतो. सगळ्यांना सगळं आलं तर निवडायचं कोणाला? चाळीस मिनिटांच्या विभागात कोणता प्रश्न सोडून द्यायचा, हे कळणं हीसुद्धा त्या परीक्षेतली एक कसोटीच आहे. शाळेने वर्षानुवर्षं "एकही प्रश्न सोडू नका" असं बजावलेल्या मुलाला ती फार जड जाते.

आता सीईटीचा पेपर जरा जवळून पाहू, कारण आपली बहुतेक मुलं तिथे आहेत. गेली अनेक वर्षं त्याचं स्वरूप ठरलेलं आहे: २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. प्रश्नाला ४५ सेकंद. एवढ्या वेळात सगळे प्रश्न वाचूनही होत नाहीत. म्हणून शेवटची दोन-तीन मिनिटं उरली की हॉलभर माउसच्या टिकटिकीचा पाऊस पडतो. उरलेल्या प्रश्नांना मुलं डोळे मिटून पर्याय टिचकावत असतात. क्लासमध्ये हे रीतसर शिकवलं जातं, आणि गुण वजा होणार नसतील तर ते शहाणपणाचंच आहे.

दोन मैत्रिणी घ्या. दोघींनी १६० प्रश्न सोडवले, दोघींचे तेवढेच बरोबर आले. उरलेले ४० दोघींनी अंदाजाने भरले. प्रश्नाला पाच पर्याय धरले तर सरासरीने आठ बरोबर येणार. पण सरासरी ही प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. एकीचे पाच बरोबर आले, दुसरीचे अकरा, असं होण्यात संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीही आश्चर्य नाही. सहा गुणांचा फरक, आणि त्यात बुद्धीचा, अभ्यासाचा, क्लासच्या फीचा वाटा शून्य. आता हा फरक रांगेत काय करतो ते पाहा. लाखभर मुलं आणि ० ते २०० मिळून २०१ शक्य गुण. म्हणजे सरासरी काढली तर एकेका गुणावर पाचशे मुलं उभी. प्रत्यक्षात टोकांना कोणी नसतं, मध्ये खच्चून गर्दी असते. त्या गर्दीत सहा गुणांनी हजारो जण मागे-पुढे होतात. वरच्या टोकाला उलट. तिथे माणसं विरळ, त्यामुळे दहा गुण जास्त मिळवूनही पर्सेंटाइल जेमतेम पॉइंट एक-दोनने हलतो. पन्नासवरून साठवर जाणं आणि ९९ वरून ९९.९ वर जाणं यांत दुसऱ्या चढाला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त घाम गाळावा लागतो, आणि छापील आकड्यात मात्र तो चढ उंबरठ्याएवढा दिसतो.

मग सीईटीच्या निकालपत्रावर दशांशांचं लांबलचक शेपूट कुठून येतं? समजा एका सत्रात २७,४३१ मुलं बसली आणि त्यांपैकी २६,८०० जणांचे गुण तुमच्याएवढे किंवा तुमच्याहून कमी आहेत. भागाकार केला की ९७.६९९६८२८ येतो. सात दशांश पाहून वाटतं, सोनाराच्या तराजूवर तोलून काढलंय. पण गुण मोजले गेले ते पूर्ण आकड्यांतच. बाकीची सगळी बारीक नक्षी भागाकाराने काढलेली आहे. त्या नक्षीवरून दोन मुलांमध्ये वर-खाली ठरवायला माझी तक्रार नाही. जागा मोजक्या आहेत, कुठेतरी रेघ मारावीच लागते. रेघेच्या अलीकडचा 'ढ' आणि पलीकडचा 'हुशार' असं जेव्हा घरात बोललं जातं, तेव्हा मात्र गणिताचा मास्तर म्हणून मला हात वर करावासा वाटतो.

सत्रांचा प्रश्न यातच येतो. एकाच दिवशी एकाच वेळी एवढ्या मुलांना संगणकावर बसवणं जमत नाही, म्हणून दोन-चार सत्रं होतात आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. माझा पेपर अवघड होता, शेजारच्याचा सोपा, ही तक्रार त्या दिवशी संध्याकाळी चहाच्या टपरीवरच सुरू होते. त्यावर उपाय नॉर्मलायझेशनचा. सीईटी घेणाऱ्या सीईटी सेलची पद्धत सोपी आहे: तुमची तुलना फक्त तुमच्याच सत्रातल्या मुलांशी करायची आणि मग सगळ्या सत्रांचे पर्सेंटाइल एकाच यादीत गुंफायचे. कॅटची रीत वेगळी. तिथे प्रत्येक विभागात सत्रांच्या गुणांची सरासरी आणि पसारा विचारात घेऊन कच्चे गुण एका मापावर आणतात, त्याला स्केल्ड स्कोअर म्हणतात, आणि त्यावरून पर्सेंटाइल काढतात. त्यामुळे अवघड सत्रातल्या मुलाचे गुण निकालात वाढलेलेही दिसतात, आणि सोप्या सत्रातल्याचे घटल्यावर तो आयआयएमला शिव्या घालतो.

दोन्ही रीतींच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे. सगळ्या सत्रांतली मुलं सरासरीने सारख्याच वकुबाची आहेत, हे ते गृहीतक. मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी सत्रांत वाटली गेली आणि सत्रात हजारो मुलं असली की ते छान टिकतं. सगळ्या तक्रारी खोट्या असतात असं मी म्हणत नाही, पण "माझं सत्र अवघड होतं म्हणून माझं नुकसान झालं" ही बहुतेक वेळा खोटी असते. तुमचं सत्र अवघड होतं तर तुमच्या सोबत्यांनाही ते अवघडच होतं. गृहीतक कधी डळमळतं? २०२३ साली सीईटीच्या एका सत्रात तांत्रिक गोंधळ झाला आणि काही मुलांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. पुन्हा बसणारी मुलं चिठ्ठी टाकून निवडलेली नसतात. त्यांना जास्तीचे दिवस मिळालेले असतात, काही हिरमुसून घरी बसलेली असतात, काही पहिला अनुभव गाठीला बांधून आलेली असतात. असा गट बाकीच्या गटांसारखाच आहे असं धरून काढलेला पर्सेंटाइल किती खरा, यावर त्या वेळी मुलांनी जो आरडाओरडा केला, त्यात मला तथ्य दिसलं होतं.

आता एक गंमत सांगतो, जी पहिल्यांदा ऐकताना कोणालाच पटत नाही. कॅटच्या तिन्ही विभागांत एखाद्याला ९०-९०-९० पर्सेंटाइल मिळाले तर एकूण पर्सेंटाइल किती? सभागृहातून आवाज आला, नव्वद. नाही, त्याहून चांगला वर. कारण गणितात नव्वदच्या पुढे असलेले बरेच जण इंग्रजीत मागे असतात, इंग्रजीवाले डेटाच्या विभागात अडकतात. तिन्हीकडे बरा असलेला माणूस दुर्मीळ, म्हणून तो एकूण रांगेत पुढे सरकतो. पर्सेंटाइलची बेरीज होत नाही आणि सरासरीही निघत नाही.

याची दुसरी बाजू आपल्या मुलांना फार लागते. लातूर-साताऱ्याकडून इंजिनिअरिंग करून आलेली मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली. गणितात ९८, डेटात ९५, आणि इंग्रजी वाचनाच्या विभागात ५५. एकूण आकडा चांगला दिसतो, पण आयआयएम प्रत्येक विभागाला वेगळा किमान कट-ऑफ लावतात आणि मुलाखतीचा कॉल तिथेच अडतो. कॅट इंग्रजीतच होते. त्या विभागात २४ प्रश्न, त्यांतले १६ उताऱ्यांवरचे, आणि चाळीस मिनिटं. घड्याळ लावून परकी भाषा वाचण्याचा वेग ही मॅनेजरला उपयोगी पडणारी गोष्ट आहे, हे मी मान्य करतो. पण त्या ५५ मधून मुलाची समज कमी असं वाचणाऱ्यांनी त्याच मुलाला मराठी उतारा देऊन पाहावा.

अजून दोन गैरसमज घाईघाईने निकालात काढतो. पर्सेंटाइल जातीच्या प्रवर्गानुसार वेगळा काढत नाहीत. तो सगळ्या उमेदवारांतून एकच निघतो, प्रवर्ग येतो तो कट-ऑफच्या वेळी. आणि कॅट म्हणजे प्रवेश नव्हे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये अलीकडच्या वर्षांत अंतिम निवडीत कॅटचं वजन २५ टक्के आणि मुलाखतीचं ५० टक्के राहिलं आहे. दहावी-बारावीपासूनचे गुणही हिशेबात धरतात. ९९.९ घेऊन कॉल न आलेला आणि ९८ वर आत गेलेला, असे दोघेही भेटतात ते त्यामुळे.

परदेशी जाणाऱ्या मुलांचं जीमॅट ही वेगळी जात. १९५४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या परीक्षेत रांगेऐवजी मोजपट्टी आहे. प्रश्न उमेदवाराच्या उत्तरांनुसार कठीण-सोपे होत जातात आणि आलेला स्कोअर पाच वर्षं ग्राह्य असतो. पट्टी तीच राहते आणि लोक बदलतात, त्यामुळे जुन्या पट्टीवरचा ७०० हा स्कोअर एकेकाळी नव्वदाव्या पर्सेंटाइलला होता, तो पुढे अठ्ठ्याऐंशीच्या आसपास घसरला. ७०० घेणारा ढ झाला नाही, जास्त गुण घेणारे वाढले. २०२४ च्या सुरुवातीला ती पट्टीच बदलली. आता २०५ ते ८०५, आणि प्रत्येक स्कोअरच्या शेवटी ५, म्हणजे जुन्या-नव्याची गल्लत होऊ नये. तरी ती होतेच. नव्या पट्टीवरचा ६४५ हा साधारण जुन्या ७०० च्या तोलाचा आहे, पण तो ऐकून काका लोक अजून "थोडे कमी पडले" म्हणतात. जीमॅटची एक गोष्ट मात्र आपण उचलावी अशी आहे. ती परीक्षा घेणारी मंडळी उघड सांगतात की आमच्या मोजणीत काही गुणांची चूक असतेच, तीस-चाळीस गुण इकडे-तिकडे धरा. आपल्या निकालपत्रावर सात दशांश असतात, आणि चूक किती धरायची त्याचा रकाना नसतो.

तो रकाना यावा, शेजारी कच्चे गुण, सत्राची सरासरी आणि तेवढेच गुण मिळवणाऱ्यांची संख्या यावी, अशी माझी सीईटी सेलला जाहीर विनंती आहे. ही माहिती त्यांच्या संगणकात आहेच; खर्च होईल तो चार ओळींच्या शाईचा. ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरात यंदा कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची, धावपळ आहे, त्यांच्यासाठी एक हिशेब सांगून थांबतो. पुण्यातल्या एखाद्या कॉलेजचा मागच्या वर्षीचा कट-ऑफ ९७.२ होता असं धरा, आणि परीक्षेला १ लाख १० हजार मुलं होती. म्हणजे शेवटचा प्रवेश ३,०८० जणांच्या मागे झाला. यंदा १ लाख ४० हजार बसली. ९७.२ वर यंदा पुढे ३,९२० जण असतील, म्हणजे ८४० जास्त, आणि जागा तेवढ्याच. मागच्या वर्षीची जागा धरायची तर यंदा ९७.८ लागतील. कॅपच्या कट-ऑफ यादीत आधी मेरिट क्रमांक छापलेला असतो आणि त्याच्याखाली कंसात पर्सेंटाइल. ऑप्शन फॉर्म भरताना वरचा आकडा वाचा. कंसावर बोट ठेवून तो झाकला तरी काही बिघडत नाही.